उजव्या कौलाचा फोटो

फोटोत देवी नव्हती.

हरिश्चंद्राने ओला कागद चिमट्यात धरून लाल दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला. एका कडेला समईची वात दिसत होती, दुसऱ्या कडेला लवू गुरवाच्या धोतराचा सोगा दिसत होता. मधोमध, जिथे पावणाई देवी बसलेली असायला हवी होती, तिथे कोणी दुधाचं पातेलं लवंडावं तसं शुभ्र पांढरं होतं. देवी गेली त्याचं दुःख होतंच, पण तिच्याबरोबर त्याचं लग्नही त्या पांढऱ्यात बुडालं होतं.

मालवणच्या बाजारपेठेत हरिश्चंद्राचा फोटोचा स्टुडिओ होता. समोर बसलेल्यांना "वायच हसा" म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः मात्र काळ्या फडक्याआड घाम पुसत असे. फोटो बिघडेल ही भीती त्याला जन्मजातच होती. एवढ्यातच आचऱ्याकडच्या काशीरामची मुलगी विमला फोटो काढायला आली. देवगडच्या एका स्थळाला तो धाडायचा होता. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आले, दुसऱ्यात मान हलली, आणि तिसरा धड निघेपर्यंत देवगडकरांनी दुसरीकडे बोलणी लावली. फोटो चुकून बिघडले की कसे, हे हरिश्चंद्राने कोणाला सांगितलं नाही आणि विमलानेही विचारलं नाही. महिन्याभरात हरिश्चंद्राच्या मामांनी काशीरामकडे शब्द टाकला.

काशीराम तयार होता. पण त्याच्या घरात कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी विचारल्याशिवाय होत नसे. एकदा देवळात, आणि एकदा मुंबईत. मुंबईत त्याचा थोरला भाऊ होता, त्याला सगळे भाईच म्हणत. गिरगावात घड्याळं दुरुस्त करण्यात भाईचं आयुष्य गेलं होतं. एका डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढी चाकं बघता बघता त्याला अशी सवय लागली होती, की जे भिंगाखाली आलं नाही त्यावर त्याचा विश्वास बसत नसे.

भाईचा निरोप घेऊन गावचाच गणपत बोटीने आला, आणि धक्क्यावरच ट्रंक खाली ठेवून त्याने तो काशीराम आणि हरिश्चंद्रापुढे एका दमात सांगून टाकला.

"भाईन सांगल्यान हा, कौल घ्या नि फोटो धाडा. फोटो बघल्याबिगर होकार देवचो नाय."

काशीरामचा चेहरा पडला. गेल्या वर्षी आपला पडाव, म्हणजे मालाचं गलबत, विकायचा की नाही यावर त्याने देवीला कौल लावला होता. तो उजवा, म्हणजे होकाराचा, झाला असं त्याने मुंबईला कळवलं आणि पडाव विकला. कौल खरोखर उजवा झाला, की काशीरामला पडाव विकायचाच होता, ही शंका भाईच्या मनातून अजून गेली नव्हती.

"म्हणजे आता तेका पुरावो व्हयो!" काशीराम म्हणाला. "कौलाचो फोटो!"

"कौलाचो फोटो?" हरिश्चंद्र दचकला. "असो फोटो अजून कोणीच काढूक नाय."

"मगे तू काढ. मालवणात दुसरो फोटोवालो आसा खंय?"

नव्हता. त्यामुळे स्वतःच्या लग्नाच्या निकालाचा पुरावा नवऱ्या मुलानेच गोळा करायचा, असा प्रसंग हरिश्चंद्रावर आला.

पावणाईचा काळा पाषाण लहानसा होता. मुखवटा सोललेल्या नारळाएवढा, त्यात चांदीचे दोन टपोरे डोळे. कौल लावायचा म्हणजे गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. देवीची उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी नखाएवढी, त्यामुळे कॅमेरा हातभर अंतरावर न्यायला हवा. हरिश्चंद्राकडे जवळून फोटो काढायची जादा काच होती, ती त्याने बसवली. गाभाऱ्यात काळोख, म्हणून फ्लॅशचा बल्ब लावला. बल्बच्या खोक्यावर पाच फुटांना किती उजेड, दहा फुटांना किती, याचे आकडे छापले होते. एका हाताला किती, हे कुठेच नव्हतं. जगात कोणी फ्लॅश घेऊन कशाच्या इतक्या जवळ जाईल, असं कंपनीला वाटलंच नसावं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, हे हरिश्चंद्राला ठाऊक होतं. पण गणित डोक्यात राहतं आणि भीती पोटात, आणि त्या दिवशी त्याचं पोट डोक्याचं ऐकत नव्हतं.

त्यातून लवू गुरवाने दोन गोष्टी केल्या. देवीचा फोटो मुंबईला जाणार म्हणून त्याने ते चांदीचे डोळे रिठ्याने घासून लखलखीत केले आणि पाषाण तेलाने माखला. आणि हरिश्चंद्राला विहिरीवर आंघोळ करायला लावून ओल्या पंचाने गाभाऱ्यात घेतलं. केसांतून पाणी गळतंय आणि हातात फ्लॅशची बॅटरी, अशा अवस्थेत हरिश्चंद्र थरथरत उभा राहिला.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "हे आई पावणाई, म्हाराजा! काशीरामाच्या चेडवाचा लगीन ह्या हरिश्चंद्रावांगडा होवचा असात, तर उजवी दी गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि ह्यो फोटोवालो जो काय दिवो पेटयतलो, तेका तू भियान जाव नको गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवी भ्यायली नाही. उजवी पाकळी लगेच सुटली. हरिश्चंद्राने कळ दाबली आणि गाभाऱ्यात वीज पडली. गुरवाच्या हातातला तांब्या पडला, काशीराम मागे सरकून घंटेवर आपटला, आणि बराच वेळ सगळ्यांना हिरवे-जांभळे गोळेच दिसत राहिले. त्या विजेचा हा असा पांढरा फोटो आला होता. तेलकट पाषाणाने आणि चांदीच्या डोळ्यांनी सगळा उजेड जसाच्या तसा परत कॅमेऱ्यात फेकला होता.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन तो काशीरामकडे गेला तेव्हा दारात विमलाच होती. तिने फोटो पाहिला.

"ह्या काय? आमची देवी खंय?"

"उजेड जास्त झालो," हरिश्चंद्र पुटपुटला.

"तुमी फोटो काढलास की देवीक चुनो लावलास?" असं म्हणून ती हसत आत गेली. हरिश्चंद्राला ती हसली याचा आनंद झाला, आणि आपल्याला हसली याचं वाईट वाटलं.

काशीरामने सोपा उपाय काढला. "डावी पाकळी चिकटव, उजवी खाली ठेव, नि काढ फोटो. कौल उजवो झालोच मां?"

लवू गुरव भडकला. "कौल म्हंजे काय दशावताराचो खेळ वाटलो तुका? रोज रात्री तोच राजा मरूक? देवीच्या अंगार खोटी पाकळी मी लावचंय नाय. फोटो व्हयो तर परत कौल घेवक व्हयो."

हे ऐकून हरिश्चंद्र देवीच्या रागाचा हिशोब करू लागला. एकदा होय म्हटलेलं माणूस दुसऱ्यांदा विचारल्यावर चिडून नाही म्हणतं, मग ही तर देवी. दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे तुझ्या पहिल्या शब्दावर आमचा भरवसा नाही असंच तिला सांगायचं. तिने रागाने डावी दिली तर? रात्रभर तो त्या पाकळीचाच विचार करत होता, आणि उजेडाचा विचार करायचा राहूनच गेला. सकाळी निघताना तो आठवला. एका पुस्तकात त्याने वाचलं होतं, की फ्लॅशचा उजेड कमी करायचा तर त्यावर रुमाल धरावा. एक पदर की दोन, हे त्याला आठवेना. भित्र्या माणसाने करावं तेच त्याने केलं, जाडजूड रुमालाची घडीवर घडी घालून त्याची चांगली उशीच केली.

"हे आई, म्हाराजा! तू उजवो दिलंस, पण ह्येंका दिसाक नाय. ह्येंच्या डोळ्याचो दोष तू पोटात घाल गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी देवी अडून बसली. दोन्ही पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. गुरव विनवण्या करून थकला, काशीरामचा पाय आखडला. हरिश्चंद्र डोळ्याला कॅमेरा लावून उभाच होता, आणि ओल्या पंचात त्याला हुडहुडी भरली होती. शेवटी उजवी पाकळी हळूहळू घसरली आणि पडली. त्याने कळ दाबली. रुमालाच्या आत काहीतरी काजव्यासारखं लुकलुकलं, जळका वास सुटला आणि रुमालाला भोक पडलं.

तो फोटो काळाकुट्ट आला. त्यात फक्त चांदीचे दोन डोळे चकाकत होते.

काशीरामने तो दारात उजेडाला धरून पाहिला. "ही देवी की काळोखातलो बोको?"

आता गोष्ट गावात पसरली. काशीराम देवीला परत परत विचारतो, म्हणजे त्याला हवं ते उत्तर मिळत नसणार, असं लोक तिठ्यावर बोलू लागले. त्यातच देवगडकरांची दुसरी बोलणी फिसकटली आणि त्यांचा माणूस पुन्हा काशीरामच्या पडवीत येऊन चहा पिऊन गेला. पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला की बोटी बंद. गणपत परत मुंबईला निघाला होता, त्याच्या हाती फोटो गेला नाही तर भाईचा होकार दिवाळीपर्यंत येत नाही, आणि तोवर देवगडकर काही चहावर थांबणारे नव्हते. हरिश्चंद्राचं जेवणावरचं मन उडालं.

त्याने एक नारळ सोलला, त्याला दिव्याची काजळी फासली, वर तेल चोपडलं, आणि चांदीच्या दोन वाट्या डोळे म्हणून खोचल्या. मग स्टुडिओचं दार लावून तो त्या नारळाचे फोटो काढत बसला. कधी बल्ब समोर, कधी बाजूला. कधी एक पदर, कधी दोन. शेवटी गुपित सापडलं. कॅमेऱ्याचं भोक होईल तितकं बारीक करायचं, बल्ब जरासा बाजूला धरायचा, आणि त्यावर पातळ कापडाचा एकच पदर. नारळाचा फोटो इतका सुरेख आला, की नारळाचंच लग्न जमवायचं असतं तर एव्हाना अक्षता पडल्या असत्या.

सगळं पाठ करून तो देवळात पोहोचला. विहिरीवर आंघोळ केली, ओला पंचा नेसला, आणि रुमाल घ्यायला उतरवलेल्या सदऱ्याचा खिसा चाचपला, तर तो रिकामा. रुमाल घरी राहिला होता. तो तसाच, पाणी गळत, रडवेला होऊन विहिरीपाशी उभा राहिला. आईबरोबर फुलं घेऊन आलेली विमला तिथेच होती.

"काय झाला?"

"रुमाल... पातळ व्हयो... एकच पदर..."

विमलाने इकडे तिकडे पाहिलं, कमरेचा रुमाल काढला आणि फुलांच्या परडीत ठेवून परडी त्याच्यापुढे केली. "घेवा. ह्येका भोक पाडू नका हां."

लवू गुरवाचा आवाज या वेळी चढला होता. "हे आई, म्हाराजा! ही तिसरी खेप. आता ह्या फोटोवाल्याक तरी वायच अक्कल दी गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशीराम सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

पाकळ्या लावल्या. हरिश्चंद्र या वेळी कॅमेरा तिवईवर ठेवून, एका हाताने रुमाल धरलेला बल्ब सांभाळत टक लावून पाहत होता, आणि पाहता पाहता त्याला दिसलं, की डाव्या पाकळीची कड उचलली जातेय. डावी! बोटाला काही सांगायच्या आत बोटाने कळ दाबली.

लख्ख उजेड झाला. पण आता सगळे शहाणे झाले होते. फ्लॅश उडणार म्हणून गुरवापासून काशीरामपर्यंत सगळ्यांनी आधीच डोळे घट्ट मिटून घेतले होते. डोळे उघडले तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या.

"पयली खयची पडली?" काशीरामने विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. हरिश्चंद्राने पाहिली होती ती फक्त डावीची कड, आणि ते सांगायला त्याची जीभ रेटेना.

"आता ता देवीक म्हायत, नायतर ह्या डब्याक," गुरव कॅमेऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

त्या दिवशी सगळी वरात हरिश्चंद्राच्या मागोमाग स्टुडिओत आली आणि बंद दाराबाहेर बसून राहिली. आत लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू चित्र उमटू लागलं, तसा तो कुलदैवतापासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना हात जोडत गेला. आधी देवीचं नाक आलं. मग डोळे. मग डावा खांदा, आणि त्यावर पाकळी, कड उचललेली, पण चिकटलेली! आणि देवीच्या उजव्या खांद्याखाली, हवेत तरंगणारी दुसरी पाकळी. खाली पोचायच्या आत फ्लॅशने तिला तिथल्या तिथे पकडलं होतं.

"उजवो!" दार उघडताच फोटो पाहून लवू गुरव ओरडला. "उजवोच! आईन तीन वेळा उजवो दिल्यान!"

काशीरामने हरिश्चंद्राला मिठी मारली. फोटो कोरडा होतो न होतो तोच गणपतच्या ट्रंकेत गेला आणि बोट सुटली.

सुखाचे दिवस थोडेच टिकले. मोसमातली शेवटची बोट मुंबईहून आली, आणि तिच्यातून छत्री टेकत खुद्द भाई उतरला. मागे गणपत. भाई होकार कळवणार होता, स्वतः येणार नव्हता. हरिश्चंद्राला बोलावणं आलं तेव्हाच त्याने ओळखलं, की फोटोत काहीतरी खोट निघाली.

काशीरामच्या पडवीत सगळे जमले होते. गुरवही होता. विमला दाराआड होती, तिच्या बांगड्या अधूनमधून वाजत होत्या. भाईने फोटो काढून गुडघ्यावर ठेवला.

"भाई, ही बघ उजवी पाकळी," काशीराम घाईने म्हणाला. "ती हवेत दिसता, पण ती पडाक लागली म्हणानच हवेत आसा. डावी..."

"पाकळी रवांदे. माका एक सांग. माका कौलाचो फोटो धाडूक कोणी सांगल्यान?"

"तूच मां? गणपतावांगडा?"

"मी सांगलंय, कौल घेवा नि फोटो धाडा. न्हवऱ्याचो!"

काशीरामने गणपतकडे पाहिलं. गणपत माडाच्या झावळ्यांकडे पाहू लागला.

"न्हवऱ्याचो फोटो कोण कधी मागता?" काशीराम चाचरत म्हणाला. "फोटो चेडवाचो मागतत."

"आपल्या चेडवाचे फोटो गावभर धाडतास. मगे एकदा आपणय न्हवरो बघूक नको?"

सगळ्या मालवणचे फोटो हरिश्चंद्राने काढले होते, पण त्याचा स्वतःचा फोटो अख्ख्या जगात एकही नव्हता. "मी आत्ता जातंय," तो उठत म्हणाला. "सांजपर्यंत काढून हाडतंय."

"बस खाली. तुझो फोटो गावलो माका."

भाईने खिशातून घड्याळाचं भिंग काढलं आणि काशीरामच्या हातात दिलं. "डोळ्याक लाव. बघ काय दिसता."

"देवीचो डोळो दिसता."

"डोळ्याच्या भुतूर बघ."

काशीराम वाकला. रिठ्याने घासलेल्या त्या चांदीच्या गोल डोळ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा, एक अख्खा माणूस उभा होता. रुमालातून मागे पसरलेल्या मऊ उजेडात तो स्वच्छ दिसत होता. ओला पंचा, कपाळाला चिकटलेले केस, उघडं तोंड, आणि भीतीने बाहेर आलेले डोळे.

"अरे, ह्यो तर हरिश्चंद्र!"

"बघून घे," भाई म्हणाला. "देवीपुढे असो लटलट कापणारो माणूस बायलेर हात उगारूचो नाय. माका तेवढाच व्हया होता. आणि देवीच्याच डोळ्यात भरलोहा, थंय मी कोण नाय म्हणणारो?"

हरिश्चंद्राने किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. गुरवाने हात जोडले. पण भाईचं संपलं नव्हतं.

"आता तेच्या हातात काय, ता बघ."

काशीराम पुन्हा वाकला. "दिवो."

"दिव्यार?"

"रुमाल."

"कसलो?"

"काठाक... काळी चौकट दिसता."

"दिवाळीक माझ्या पुतणेक मीच धाडलेलो," भाई म्हणाला. "तो ह्येच्या हातात कसो इलो?"

दाराआड बांगड्या जोरात वाजल्या आणि आत पळाल्या. काशीरामने भिंग डोळ्यावरून काढलं आणि हरिश्चंद्राकडे असं पाहिलं, जणू तो अजूनही भिंगाखालीच होता.

"तरीच!" लवू गुरव मांडीवर थाप मारत म्हणाला. "मी म्हणतंय, आई परत परत उजवोच कित्याक देता! हंय सगळा आधीच ठरलेला, नि आमी बसलव तिका इचारीत!"

"मगे काय म्हणतंस, हरिश्चंद्रा?" भाईने विचारलं. "रुमाल परत करतंस, की चेडवाक घेवन जातंस?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. हरिश्चंद्राच्या कपाळावरचा घाम ओघळत नाकाच्या शेंड्यावर आला. रुमाल त्याच्या खिशातच होता, धुऊन, घडी घालून, भोक न पाडता ठेवलेला. पण घाम पुसायलाही तो बाहेर काढायची आता सोय नव्हती; काढला की परत केला, असंच झालं असतं.